चढावरचा लाल दिवा

धानोरा, ता. नंदुरबार
१२ एप्रिल १९५८

चि. मगन यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी उत्तर आज लिहिते आहे. रागावू नकोस. नाशिकच्या वर्कशॉपात दिवसभर मोटारींखाली आडवा पडलेला असतोस, बहिणीची आठवण तुला तरी किती येत असेल ते मला ठाऊक आहे.

आमच्याकडे मोटार आली हे तुला कळलंच असेल. सगळ्या तालुक्याला कळलं आहे. जुनी, काळी, विलायती गाडी. नंदुरबारच्या एका कापूसवाल्या शेठनं नवी घेतली आणि ही तुझ्या पाव्हण्यांच्या गळ्यात मारली. लोक म्हणतात, बन्सीलालला आता शेठ व्हायचंय. म्हणू देत. लोटनला घटसर्प झाला तेव्हा आम्ही बैलगाडीनं चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्याकडे निघालो होतो, आणि खांडबाऱ्याच्या अलीकडेच त्यानं माझ्या मांडीवर मान टाकली. पाच वर्षांचं पोर. जगावं म्हणून जन्मल्याबरोबर जमिनीवर लोटून नाव लोटन ठेवलेलं. त्या दिवसापासून यांनी मोटारीचा ध्यास घेतला होता. आता गावात कोणी आजारी पडलं की हे त्याला गाडीत घालून चिंचपाड्याला नेतात. कोणाला नाही म्हणत नाहीत.

माझ्याशी मात्र बोलत नाहीत. भाकर वाढ, पाणी दे, एवढंच. लोटनचं नाव तर तो गेल्यापासून या घरात निघालेलं नाही.

पण मगन, मी एक बघितलं आहे, ते तुलाच सांगते. लोटनची खोड आठवते ना? हे बैलगाडी जुंपून शेतात निघाले की तो गाडीला मागून धरून पळायचा. नाला ओलांडला की पलीकडच्या चढावर हे गाडी थांबवायचे, खाली उतरून त्याचा मुका घ्यायचे आणि घरी पिटाळायचे. रोजचं होतं ते. परवा संध्याकाळी मी घरावर चढून धाब्यावरचं वाळवण गोळा करत होते. यांची मोटार नाल्यात उतरली, मागचा लाल दिवा लागला. ब्रेकवर पाय ठेवला की मागे लाल दिवा लागतो, हे तूच मला कधीतरी सांगितलं होतंस. नाला ओलांडून गाडी चढाला लागली तरी दिवा तसाच. पार चिंचेच्या झाडाआड जाईपर्यंत. म्हणजे हे तिथे अजून पाय ठेवतात.

आता मी रोज धाब्यावर जाते. हे सकाळच्या गारव्यात निघाले तर दिवा नाल्यातच विझतो. संध्याकाळी मात्र चढावर लागून राहतो. लोटन गेला तो संध्याकाळीच गेला. ज्याचं नाव घरात घेत नाहीत त्याच्यासाठी रस्त्यात पाय अडतो. मला तेवढं पुरे आहे.

तब्येतीस जप. लग्नाचं मनावर घे.

तुझी,
शांती

नाशिक
२० एप्रिल १९५८

ती. आक्कास मगनचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. लग्नाचा विषय तू काढणार हे पाकीट फोडायच्या आधीच माहीत होतं, म्हणून तेवढी ओळ वाचली नाही असं समज.

मोटारीचं लिहितो. मागचा दिवा तसा लागून राहतो म्हणजे बहुधा तार कुठेतरी उघडी पडली असेल. जुन्या गाड्यांत उंदीर तारा खातात. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चढावर ब्रेक कोण दाबतं? चढावर पाय ठेवला तर गाडी तिथेच बसेल. तू म्हणतेस गाडी चालत राहते आणि दिवाही जळत राहतो. आणि सकाळी नाही, संध्याकाळीच. उंदरांना सकाळ-संध्याकाळ कळत नाही.

तू एक काम कर. पाव्हणे लांबून परत आले की चाकाच्या मधल्या लोखंडी तबकडीवर पाणी शिंपड, भाकरीआधी तव्यावर शिंपडतेस तसं. हात लावू नकोस. चर्र झालं तर मला कळव. आणि वास येतो का तेही बघ, जळक्या चिंधीसारखा.

आक्का, बाकीचं जे लिहिलंस त्यावर मला काही लिहिता येत नाही. मला मोटारीपुरतंच लिहिता येतं.

तुझा,
मगन

धानोरा
४ मे १९५८

चि. मगन यास आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. शेजारणी बघत होत्या. बन्सीलालची बायको मोटारीला सडा घालते, असं गावभर झालं असेल आता.

चर्र झालं. चारही चाकांना. पाणी क्षणात उडून गेलं. जळका वासही आला. मी यांना म्हटलं, चाकं तापली आहेत. तर म्हणाले, "गाडी जड चाली ऱ्हायनी आजकाल. मांगथून कोनी तरी धरी ऱ्हायनं." एवढं बोलले आणि एकदम गप्प झाले. किती दिवसांनी माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलले असतील. मी पुढे काही विचारीन म्हणून वाट बघितली असेल का? मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले.

तुझ्या तारा नि उंदीर मला कळत नाहीत. दिवा लागतो तेव्हा मला बरं वाटतं, एवढं कळतं.

शांती

नाशिक
११ मे १९५८

ती. आक्कास नमस्कार.

तार नाही. मी चुकलो होतो. नीट वाच आणि पाव्हण्यांना वाचून दाखव.

मोटारीचा ब्रेक तेलावर चालतो. पायाखाली एक पंप असतो. पाय दाबला की तेल नळ्यांतून चारी चाकांकडे जातं आणि चाकं धरली जातात. पाय काढला की तेल एका बारीक भोकातून मागे परततं आणि चाकं सुटतात. मागचा दिवाही त्याच तेलाच्या दाबानं लागतो. दाब आहे तोवर दिवा आहे, मग पाय असो की नसो. पंपात रबराची एक वाटी असते. ती फुगली की भोक बुजतं, तेल परतत नाही, पाय काढला तरी चाकं धरलेलीच राहतात. पाव्हणे म्हणतात ना, मागून कोणी धरतंय? तेच हे. गाडी दिवसभर उन्हात तापते म्हणून संध्याकाळी जास्त. सकाळी रबर गार असतं, म्हणून नाल्यातच सुटतं. पहिला ब्रेक ते नाल्याच्या उतारावर दाबत असणार, म्हणून दिवा तिथून पुढे दिसतो.

रबर असं फुगतं ते चुकीच्या तेलानं. ब्रेकचं तेल वेगळं असतं, एरंडेलासारखं, स्पिरिटच्या वासाचं. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखालच्या फळीखाली एक बूच आहे. ते उघडून बोट बुडव आणि कोणतं तेल आहे ते कळव.

हे वाढत जातं, आक्का. एक दिवस चाकं जागीच धरतील आणि सुटणार नाहीत. तोवर गाडी लांब नेऊ देऊ नकोस.

मगन

धानोरा
२९ ऑगस्ट १९५८

चि. मगन यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला तो मुद्दामच.

बोट बुडवलं. काळपट, चिकट तेल. ते मी ओळखलं, कारण त्याचे डाग यांच्या धोतरावरून मी इतकी वर्षं घासते आहे. विहिरीवरच्या इंजिनाचं तेल. यांना विचारलं तर म्हणाले, "बुचमां तेल कमी व्हतं, मी भरं. तेल ते तेलच शे ना? इंजिनले चालस ते मोटरले काबर नही चालस? मी काय पानी टाकं का?" आपल्याकडे केळी, ऊस सगळं त्या इंजिनावर जगतं, त्याच्यासाठी चांगल्यातलं तेल आणतात. तेच मोटारीला दिलं. यांच्या हिशेबी लाडच केला गाडीचा.

तुझं पत्र वाचून दाखवलं. मांडी घालून सगळं ऐकलं. रबराचं आलं तेव्हा डोळे मिटले. मग म्हणाले, "राहू दे. चाली ऱ्हायनी ना?" आणि उठले. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा यांनी ताट सरकवलं. तू येतो म्हणशील, तर सध्या येऊ नकोस. साल्यानं येऊन गाडी उघडली असं झालं तर हे आणखीच हट्टाला पेटतील. आणि पावसात काळ्या मातीतून गाडी निघतच नाही, गोठ्याशेजारी उभी आहे.

मगन, तू लिहिलंस ते बरोबर असेल. तुझं काम तुला कळतं. पण त्या पत्रानंतर मी बरेच दिवस धाब्यावर गेले नाही. माझ्या घरात तेवढा एकच दिवा होता, आणि तू मला त्यातलं रबर दाखवलंस.

शांती

नाशिक
१० सप्टेंबर १९५८

ती. आक्कास नमस्कार.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. तू म्हणालीस दिवा लागतो आणि मी लगेच पाना घेऊन धावलो. मला तेवढंच येतं.

तरीही सांगतो, पावसाळा संपला की गाडी कोणाकडून तरी उघडून घ्या. मी नको तर नंदुरबारचा कोणीही चालेल. तुझ्या मनातलं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण गाडीत दुसऱ्यांची माणसं बसतात.

मगन

धानोरा
१९ जानेवारी १९५९

चि. मगन यास आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ पाकिटातून पाठवते आहे, भुगा झाला असेल तर चाटून खा.

एक सुखाची बातमी. खूप मागे लागल्यावर यांनी नंदुरबारहून मिस्त्री आणला. सकाळी आला. अंगावर घोंगडी घेऊन उभं राहावं अशी थंडी. त्यानं चाक उचललं, हातानं फिरवलं, ते गरागरा फिरलं. ब्रेक दाबून सोडला, दिवा लागला आणि विझला. "याले काहीच नही व्हयेल," म्हणाला, चहा प्याला आणि गेला. यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते मला कळलं नाही.

हल्ली संध्याकाळीही चढावर दिवा राहत नाही. पहिल्यांदा मनात आलं, थंडीत यांना आठवण येत नाही का? मग तुझं रबर आठवलं आणि माझं मलाच हसू आलं. रडू येण्यापेक्षा बरं.

शांती

नाशिक
२४ जानेवारी १९५९
(पोस्टकार्ड)

आक्का, मिस्त्रीनं थंडीत बघितलं म्हणून सापडलं नाही. रबर गेलेलं नाही, आकसलं आहे. ऊन वाढलं की परत धरेल. होळीच्या आत उघडा. हे कार्ड पाव्हण्यांना वाचून दाखवू नकोस, त्यांच्या हातात दे. मगन.

धानोरा
२२ एप्रिल १९५९

मगन,

आशीर्वाद लिहायला हात चालत नाही. तू जसा असशील तसा निघून ये.

गावातल्या दिलवरसिंगची बायको गुलाबबाई अडली होती. पहिलटकरीण. सुईणीनं हात टेकले. दुपारचं ऊन, हे गाडी घेऊन दारात उभे राहिले. मी गुलाबबाईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. खांडबारा मागे टाकलं आणि जंगलातल्या चढावर गाडी जड होत होत उभी राहिली. चाकांतून धूर. यांनी पाय आपटले, खाली उतरून चाकांना लाथा मारल्या, दिलवरसिंगनं मागून ढकललं. गाडी बोटभर हलली नाही. मला तुझा शब्द आठवत होता, जागीच धरतील. तुझं कार्डही मी यांच्या हातात दिलं होतं. जवळच्या पाड्यावरून बैलगाडी मिळाली. तोवर ऊन कलायला लागलं होतं.

दवाखान्यात त्यांनी गुलाबबाईला वाचवलं. मूल गेलेलंच आलं. मुलगा होता.

परत मी बैलगाडीत बसले आणि बैलगाडीनंच आले. दुसऱ्यांदा.

हे बोलत नाहीत हे नवीन नाही. पण आता जेवतही नाहीत. दिलवरसिंग येऊन म्हणाला, "भाऊ, तुन्ही काय चूक? आम्हनं नशीब." ते ऐकून हे उठून घरामागे गेले. गाडी दोन जोड्या बैलांनी ओढून आणली आहे. ये आणि तिला उघड. यांचा मान वगैरे आता काही राहिलेलं नाही.

शांती

धानोरा
२० मे १९५९

चि. मगन यास अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास हे कळलं. चार दिवस उन्हात मातीवर पडून काम केलंस, नीट दोन घास खायलाही वर आला नाहीस. आई असती तर मला बोलली असती.

ती रबराची वाटी तू माझ्या हातावर ठेवलीस, ती अजून डोळ्यांसमोर आहे. पुरीसारखी फुगलेली. एवढीशी वस्तू, मगन. दोन बोटांत मावणारी. गुलाबबाईचं पोर तिच्यात अडकलं होतं, आणि माझं जे काही होतं तेही.

तू सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्यास, नवं तेल घातलंस. इंजिनाचा डबा यांनी स्वतः उचलून विहिरीवर नेऊन ठेवला. आता गाडीचा आवाजसुद्धा वेगळा येतो. काल हे एका म्हाताऱ्याला घेऊन संध्याकाळी निघाले, मी धाब्यावर गेले. जायचं नव्हतं, पाय गेले. नाल्यात दिवा लागला आणि नाल्यातच विझला. चढावरून गाडी अशी भुर्रकन गेली की जणू तिथे कधी काही नव्हतंच.

चांगलं काम झालं आहे. मी तुला दोष देत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. हे असंच व्हायला हवं होतं. पण मला खूप वाईट वाटलं. यांना विचारावंसं वाटतं की तुम्हाला तिथे कधीच काही झालं नाही का? धीर होत नाही. नाही म्हणाले तर मग काय करू?

शांती

धानोरा
१४ नोव्हेंबर १९५९

मगनभाऊ यास बन्सीलालचा रामराम.

मला लिहायची सवय नाही. शाळा दुसरीत सुटली. चुकलं तर समजून घे. हे पत्र तुझ्या बहिणीला माहीत नाही.

दिवाळीत ती मला म्हणाली, तुम्ही आता चढावर थांबत नाहीत. मी म्हटलं, मी कधी थांबत होतो? मग तिनं दिव्याचं सगळं सांगितलं. धाब्यावर उभी राहायची ते. सांगताना रडली नाही. मला ती रडली असती तर बरं झालं असतं.

मगन, मी तिथे कधीच थांबलो नाही. ब्रेकवर पाय ठेवला नाही. नाला ओलांडला की उलट जोरात हाकायचो, कारण तिथे बघवत नव्हतं. गाडीतला आरसा मी वर छताकडे वळवून ठेवला होता. मागे काही दिसायला नको. पण चढावर गाडी जड व्हायची. मागून कोणीतरी धरल्यासारखी. तिथे मला कोण धरायचं ते तुला ठाऊक आहे.

बिघाड आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. मी इंजिन चालवणारा माणूस. तुझं पत्र तिनं वाचून दाखवलं त्याच दिवशी कळलं. पण मला वाटायचं, धरतो तर धरू दे. रबर असो की काही असो. दिवसातून तेवढाच वेळ तो असायचा. नंदुरबारच्या मिस्त्रीनं काही झालं नाही म्हटलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वाचला म्हटलं.

गुलाबबाईला नेलं तेव्हाही धरलं. मी मनात म्हणालो, "आज सोडी दे रे बापू, बाईले घाई शे." सोडलं नाही. कारण तो नव्हताच. ते तेल होतं, मी ओतलेलं. माझं पोर धरून ठेवायला मी दिलवरसिंगचं पोर घालवलं. तो मला अजून रामराम करतो. त्यानं तोंड फिरवलं असतं तर मी नीट झोपलो असतो.

आता गाडी हलकी चालते. चढ कधी संपतो ते कळत नाही. तू चांगलं काम केलंस, पण फार हलकी चालते.

एक सांगायचं म्हणून हे पत्र. शांतीनं दिव्याचं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी चढाच्या वर पोचलो की पाय ठेवतो. थोडा वेळ. ती धाब्यावर असते. मी वळून बघत नाही, पण ती असते. तिला हे सांगू नकोस. मला तोंडानं सांगता येत नाही आणि तू सांगितलेलं मला नको. मागे धरणारं कोणी नाही, पाय माझा आहे. पण तिकडून दिवा तर दिसत असेल.

बन्सीलाल

धानोरा
२१ डिसेंबर १९५९

चि. मगन यास आशीर्वाद.

घाईनं लिहिते आहे. उलट टपाली उत्तर दे.

दिवा परत लागायला लागला आहे. दिवाळीनंतर सुरू झालं. आधी वाटलं मलाच भास होतो. म्हणून रोज बघत राहिले. नाल्यात लागतो, विझतो, आणि चढ संपतो तिथे परत लागतो. थोडा वेळ राहतो आणि विझतो. संध्याकाळीही आणि सकाळीही. आज पहाटे तर दात वाजत होते एवढा गारठा, तरी लागला.

मी आता पहिल्यासारखी खुळी राहिलेली नाही. तूच शिकवलंस. रबर परत फुगलं असणार. यांनी परत डब्यातलं तेल ओतलं असणार आणि कबूल करत नसतील. विचारलं तर म्हणाले, "गाडी बरी शे," आणि पाटावरून उठून गेले. माझी नजर चुकवली. म्हणजे काहीतरी लपवत आहेत.

गुलाबबाईला परत दिवस गेले आहेत. शिमग्याच्या सुमारास मोकळी होईल. दिलवरसिंग परवाच येऊन सांगून गेला की गाडी आपलीच. मगन, मला त्या चढावर परत बसायचं नाही तिचं डोकं मांडीवर घेऊन. तू यांना खडसावून लिही की गाडी बंद ठेवा. मला त्या दिव्याची भीती वाटते. एके काळी मी त्याची वाट बघायची.

शांती

नाशिक
२७ डिसेंबर १९५९

ती. आक्कास मगनचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे मोटारीपुरतंच लिहितो. पण या वेळी सावकाश वाच, आणि एकटी असताना वाच.

आधी तेल तपास. बूच उघडून बोट बुडव. स्वच्छ असेल, स्पिरिटचा वास येईल. मग चाकावर पाणी शिंपड. चर्र होणार नाही. शेजारणींना काय बोलायचं ते बोलू दे.

आता दिव्याचं. रबर उन्हात फुगतं. थंडीत फुगत नाही, हे मागच्या जानेवारीत तूच मला लिहिलं होतंस. आणि रबरानं धरलेला दिवा विझत नाही, गाडी चिंचेआड जाईपर्यंत जळत राहतो. हेही तुझंच वाक्य आहे. तू आता लिहितेस की पहाटेच्या गारठ्यात लागतो. थोडा वेळ राहतो आणि आपणहून विझतो. असा दिवा कोणत्याच बिघाडानं लागत नाही. असा दिवा फक्त एकाच गोष्टीनं लागतो, आणि ती काय ते तू मला पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस. तेव्हा तू चुकली होतीस. आता चुकलेली नाहीस.

याहून जास्त मी लिहिणार नाही. पाव्हण्यांना विचारूही नकोस. विचारलं की ते उठून जातात, हे तुला माहीत आहे.

गाडी ठीक आहे. शिमग्याला गुलाबबाईला तिच्यातूनच ने, आणि वेळेवर निघा.

एक राहिलं. पहाटे धाब्यावर जातेस तेव्हा अंधार असतो, हातात कंदील घेत जा. पाव्हण्यांच्या गाडीत मागचं बघायचा आरसा आहे. मी आलो होतो तेव्हा तो छताकडे वळवलेला होता, मी सरळ करून आलो होतो. परत वळवलेला दिसला, तर तेवढा मात्र तूच सरळ कर.

तुझा,
मगन